नाथ पै यांच्यानंतर : 1971 चा राजापूरचा कौल

सुरतेच्या व्यासपीठावर कोकणातल्या राजापूर मतदारसंघाची गोष्ट कशासाठी, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. कारण साधे आहे. मार्च 1971 च्या लोकसभा निवडणुकीत देशभर इंदिरा गांधींची लाट होती आणि त्या लाटेत आपले सुरत आणि ते राजापूर, दोन्ही वेगळे उभे राहिले. सुरतेने मोरारजी देसाई यांना निवडले. 1957 पासून ते येथून निवडून येत होते. माणूस ओळखीचा होता. राजापूरने मात्र नव्या माणसाला निवडले. ओळखीच्या माणसाला धरून राहणे समजू शकते. नव्या माणसाला लाटेविरुद्ध निवडणे ही गोष्ट थोडी उलगडून पाहण्यासारखी आहे.

बॅरिस्टर नाथ पै हे वेंगुर्ल्याचे. 1957, 1962 आणि 1967 अशा तिन्ही निवडणुकांत राजापूरने त्यांना लोकसभेत पाठवले. प्रजासमाजवादी पक्षाचा हा खासदार बोलायला उभा राहिला की विरोधकही ऐकत. कोकणातल्या सभांत तर आया-बाया मुले कडेवर घेऊन येत. 18 जानेवारी 1971 रोजी बेळगावात त्यांचे निधन झाले. वय अवघे 48. आमचे घराणे मूळचे निपाणीकडचे. सीमाभागातल्या मराठी माणसाला नाथ पै म्हणजे दिल्लीतला आपला आवाज वाटे. मी तेव्हा लहान होतो. ती बातमी आली त्या संध्याकाळी वडील जेवले नाहीत, एवढे मला आठवते.

लोकसभा डिसेंबरातच विसर्जित झाली होती. मतदानाला दोन महिनेही उरले नव्हते. पक्षाने उमेदवारी दिली प्रा. मधु दंडवते यांना. ते जन्माने अहमदनगरचे. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते आणि नुकतेच विधान परिषदेवर गेले होते. 1942 च्या आंदोलनात आणि 1955 च्या गोवा सत्याग्रहात त्यांचा भाग होता. पण ते कोकणातले नव्हते. नाथ पै यांच्या वक्तृत्वाला काव्याचा स्पर्श होता. दंडवते यांची मांडणी वर्गात फळ्यावर गणित सोडवावे तशी, पायरी-पायरीने जाणारी.

त्यातून पक्षाची स्थिती बिकट. 1964 साली अशोक मेहता यांच्यासारखा नेता काँग्रेसमध्ये गेला होता. 1967 साली पक्षाचे तेरा खासदार होते. पुढे 1969 साली इंदिरा गांधींनी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण केले, संस्थानिकांच्या तनख्यांना हात घातला आणि ‘गरिबी हटाओ’ ही घोषणा दिली. समाजवादी जे वीस वर्षे मागत होते, ते सत्ताधारी पक्षच देऊ म्हणत होता. मग झोपडीवर शिक्का कशाला मारायचा? गाय-वासरू काय वाईट? डाव्या मतदारापुढचा खरा पेच हा होता.

निकाल लागला तेव्हा महाराष्ट्रातल्या 45 जागांपैकी 42 काँग्रेसकडे गेल्या होत्या. उरलेल्या तिनांपैकी एक राजापूरची. साऱ्या देशात प्रजासमाजवादी पक्षाचे दोनच उमेदवार आले : बंगालात कांथीहून समर गुहा आणि कोकणात मधु दंडवते.

याला सहानुभूती म्हणून मोकळे होता येते. ती होतीच, आणि तिच्यात लाजण्यासारखे काही नाही. पण सहानुभूती एका निवडणुकीपुरती पुरते. दंडवते 1971, 1977, 1980, 1984 आणि 1989 असे सलग पाच वेळा राजापूरहून निवडून आले. मग निशाणीवरची निष्ठा म्हणावे, तर तेही टिकत नाही. झोपडी गेली, 1977 साली चक्रातला हलधर आला, 1989 साली जनता दलाचे चक्र आले. पक्षाचे नाव बदलले, निशाणी बदलली, मतदार मात्र त्याच माणसामागे राहिला.

माझ्या व्यवसायातला एक अनुभव सांगतो. पस्तीस वर्षांपूर्वी मी एका वृद्ध डॉक्टरांचा दवाखाना त्यांच्या पश्चात चालवायला घेतला. पहिल्या महिन्यात येणारा प्रत्येक रुग्ण त्यांच्या नावाने आला. खुर्चीकडे पाही, माझ्याकडे नाही. “डॉक्टरसाहेब असं विचारत नसत,” असे तोंडावर सांगे. मी त्यांच्यासारखे बोलायचा प्रयत्न केला तेव्हा लोक अवघडले. माझ्या पद्धतीने विचारू लागलो तेव्हा थांबले. पहिली खेप जुन्या डॉक्टरांची असते. दुसरी खेप तुमची.

राजापूरचे मला असेच वाटते. दंडवते यांनी दुसरा नाथ पै होण्याचा हव्यास धरला नाही. आणि जमीन नांगरलेली होती. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा, कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी उभे केलेले काम, गावोगावचे शिक्षक-कार्यकर्ते, हे सारे कोणा एकाच्या वक्तृत्वावर उभे नव्हते. त्या कोकणात घरटी एक कर्ता पुरुष मुंबईला, घर मनिऑर्डरीवर. मागे राहिलेल्या बायका मतदान करीत. भाषणाने त्या भारावतही असतील. पण उधारीचा हिशेब ठेवणारी बाई माणसाचाही हिशेब ठेवते.

पुढे एक योग असा आला की आपल्याला त्याचे अप्रूप वाटावे. 1971 साली लाटेविरुद्ध उभे राहिलेले हे दोन मतदारसंघ 1977 साली एकाच मंत्रिमंडळात भेटले. सुरतेचे खासदार पंतप्रधान झाले आणि राजापूरचे खासदार रेल्वेमंत्री. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांची गादी आली ती दंडवते यांच्या काळात. सुरतेहून गावी जाताना आपल्यापैकी अनेकांची पाठ त्या लाकडावर शेकून निघाली होती. हा सुधार आपल्या पाठींना ठाऊक आहे.

शेवटही सांगायला हवा. 1990 साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ज्या रेल्वेसाठी दंडवते यांनी आयुष्याची वर्षे घातली तिचे काम सुरू झाले, आणि 1991 साली राजापूरने त्यांना पाडले. 26 जानेवारी 1998 ला संपूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा ते खासदार नव्हते. याला कोणी कृतघ्नता म्हणतात. मी म्हणणार नाही. ज्या मतदाराने 1971 साली लाट झुगारली, त्यालाच 1991 साली नकार देण्याचा हक्क होता. होकाराला किंमत येते ती नकार शक्य असतो म्हणून.

आणि म्हणूनच ही गोष्ट सुरतेत सांगावीशी वाटली. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या सुरतेत मतदान झालेच नाही. विरोधी उमेदवाराचा अर्ज बाद झाला, इतरांनी माघार घेतली, एकच नाव उरले. त्या दिवशी माझ्या दवाखान्यात एक आजोबा मतदार ओळखपत्र खिशात घेऊन बसले होते. मतदान होणार नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी सांगितले. ते म्हणाले, “मत द्यायचं कोणाला ते माझं ठरलं होतं हो. पण विचारलंच नाही कोणी.”

राजापूरला 1971 साली विचारले गेले होते. नवा माणूस दारात आला, गावाने त्याला निरखले आणि उत्तर दिले.