गावची वाट आणि गावची शिरगणती

जनगणना झाली की सरकार जिल्ह्याजिल्ह्याचे पुस्तक छापते. त्यात गावांची यादी असते. क्षेत्रफळ, घरे, लोकसंख्या, पिण्याचे पाणी, रस्ता, जवळचे शहर. एका गावाला एक ओळ. ही माहिती उपयोगाची आहेच. पण त्या रस्त्याने गाडीत बसून कोणाला जाता येत होते आणि त्या विहिरीचे पाणी कोणाला मिळत होते, हे त्या ओळीत सापडत नाही. म्हणून सातारा जिल्ह्यातली एकच वाट आम्ही येथे घेतो : मसूर स्टेशन ते गोरेगाव.

साल १९०१. दुष्काळी लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यात गोरेगावी तलाव खोदायला काढला होता. सुभेदार रामजी आंबेडकर तेथे खजिनदार होते. त्यांना भेटायला भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि घरातली मुले साताऱ्याहून निघाली. बाबासाहेब तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे. गाडीने मुले मसूरला उतरली. येण्याचे पत्र वडिलांना मिळालेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. स्टेशनाबाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, भाडे द्यायला पैसे होते. पण जात कळली आणि एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची, तो पायी चालणार. वाटेत जकात नाक्यावर मध्यरात्र झाली. जवळ शिदोरी होती, पण पाणी कोणी देईना. पोरं उपाशीच झोपली. दुसऱ्या दिवशी ती गोरेगावी पोचली. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे.

यातली विसंगती पाहा. सरकारी निरोप पुढच्या गावी नेणे, आल्यागेल्या अंमलदाराला वाट दाखवणे, त्याचे ओझे वाहणे ही कामे वतनापोटी महारांकडेच होती. वाटा आमच्या वाडवडिलांना तोंडपाठ, आणि गाडीत मात्र जागा नाही! ही वतने पुढे १९५८ च्या कायद्याने गेली.

रेल्वेने आणि नंतर एस.टी.ने फरक पडला, हे मान्य केलेच पाहिजे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एस.टी. धावली. तिकीट काढले की बाकावर बसायचे, जात विचारायचे कारण नाही. गावात सगळे एकदम बदलले असे नव्हे. पण शाळेला, गिरणीला, कोर्टाला जायची वाट मोकळी झाली.

आता शिरगणतीचे. आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात १९५१ साली बौद्ध मोजले गेले २,४८७. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस आला. १९६१ साली आकडा झाला २७,८९,५०१. मात्र धर्मांतरित बौद्धांचा अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत समावेश झाला तो १९९० साली. त्यामुळे १९६१ पासूनच्या पुस्तकांत पुष्कळ गावांपुढे अनुसूचित जातींचा आकडा एकदम उतरलेला दिसतो. पुढे कोणी ती पाने चाळली तर वस्ती उठून गेली असे समजू नये. घरे तीच होती, माणसे तीच होती. त्यांनी आपले नाव आपण सांगितले होते, एवढेच.

तेव्हा बंधू-भगिनींनो, जनगणनेचा माणूस दारी आला की धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' नीट लिहून घ्या आणि त्याने काय लिहिले ते वाचून पाहा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा : आपले गाव कोणते, स्टेशन किती लांब, पाणी कुठून आणायचे, पहिल्यांदा एस.टी.त कधी बसलात? ते वहीत उतरवून ठेवा. सरकारी पुस्तकात आपल्या गावाची एकच ओळ आहे, बाकीची पाने आपणच लिहायची आहेत.