गंजलेल्या गाडीचा निवाडा

किनवटचे आमचे एक निवृत्त शिक्षकमित्र पावसाळा संपता संपता एक प्रश्न घेऊन आले. त्यांच्या अंगणात चिंचेखाली प्रीमिअर पद्मिनी उभी आहे. पैनगंगेकाठचे कितीतरी पावसाळे तिने अंगावर घेतले. पत्र्याला जागोजागी भोके आहेत, एंजिन मात्र चालू होते. "दुरुस्त करावी की भंगारात द्यावी?" सरांची मुले याच गाडीत वाढली, आणि आता नातवंडे तिच्यात बसायला उत्सुक होती. त्यामुळे हिशेब केवळ पैशांचा नव्हता.

अशा वेळी सगळे विचारतात, "किती गंजली आहे?" आम्ही विचारले, "कुठे गंजली आहे?" या दोन प्रश्नांतला फरक कळायला मोटारीच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

सुरुवातीच्या मोटारींची बांधणी बैलगाडीसारखीच होती. खाली लांब, भक्कम तुळयांची चौकट आणि तिच्यावर बसवलेला सांगाडा. वरचा पत्रा कुजला तरी भार चौकटच वाहत असे. आपल्याकडच्या जुन्या जीपची रचना अशीच आहे. पुढे इटलीच्या लान्सिया कंपनीने १९२२ साली आणि फ्रान्सच्या सित्रोएनने १९३४ साली वेगळी चौकट काढून टाकली. सपाट कागद उभा राहत नाही, पण त्याची सुरळी केली तर ती वही पेलते. त्याच तत्त्वावर पातळ पत्रे दुमडून, जोडून पोकळ पेट्या केल्या आणि सारा भार त्यांच्यावर सोपवला. फियाट ११०० ने हा मार्ग १९५३ मध्ये धरला. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून तिचे 'डिलाइट' हे रूप बनवले आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. वजन घटले, पोलाद वाचले. पण पत्रा हाच गाडीचा कणा झाला. दारांखालच्या पोकळ पेट्या या कण्याचा महत्त्वाचा भाग, आणि चिखलपाणी साचते तेही तिथेच.

चिखलाखालीच पत्रा अधिक का कुजतो? याचे उत्तर केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एका थेंबातून दिले. तो प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा मोठा थेंब ठेवावा. त्यात फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरीसायनाइड थोडे मिसळलेले असावे. काही वेळाने थेंबाचा मध्य निळा होतो आणि कडा गुलाबी. कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी पोचत नाही. या फरकामुळे थेंबातच एक विद्युतघट तयार होतो आणि ऑक्सिजन कमी असतो तिथले लोखंड विरघळते. म्हणजे उघड्या पत्र्यापेक्षा चिखलाखालचा, सांध्यातला, रंगाच्या फुग्याखालचा पत्रा अधिक झिजतो. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून सांधे आतून उकलतात.

जस्ताने यावर मात करता येते. सागरी जहाजांचा तांब्याचा पत्रा जस्त किंवा लोखंड जोडून वाचवता येतो, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्येच दाखवले होते. मात्र जस्तलेपित पत्र्याच्या मोटारी रुळायला विसाव्या शतकाचे शेवटचे चतुर्थक उजाडले. पद्मिनीची भिस्त रंगावरच होती.

मग आम्ही सरांच्या अंगणात गेलो. बरोबर लोहचुंबक, स्क्रूड्रायव्हर आणि जॅक घेतला. बॉनेट आणि दारे गंजली होती, पण ती काढून बदलता येतात. दारांखाली मात्र लोहचुंबक चिकटेना. रंगाखाली पत्र्याऐवजी लांबी भरली होती. स्क्रूड्रायव्हर टेकवताच आत गेला. मागचे पाटे जिथे सांगाड्याला जोडतात, तिथला पत्राही पापुद्र्यांनी सुटत होता. जॅक लावून एक बाजू उचलली तर दार बसेना. गाडी मधून वाकत होती. अशा जागी ठिगळ जोडायचे तर वेल्डिंग धरायला शेजारी निरोगी पत्रा हवा. तो उरला नव्हता.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. खासगी गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. म्हणजे तपासणी असली, तरी पहिला निर्णय मालकाचाच.

सर बराच वेळ गाडीभोवती फिरले. मग म्हणाले, "एकटा असतो तर चालवली असती. नातवंडांना नाही बसवणार." एंजिन त्यांनी काढून ठेवले. दाराखालच्या पेटीचा हातभर तुकडा कापून शाळेला दिला. त्याला बाहेरून हिरवा रंग अजून चकाकतो. मुले तो आधी बाहेरून पाहतात, मग उलटा करतात.