उरणला उतरलेला वायू

रायगडचा किनारा म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना मांडव्याची लाँच, अलिबागचं बीच आणि रविवारी संध्याकाळी वडखळचं ट्रॅफिक आठवतं. पण याच किनाऱ्यावर आपल्या देशाच्या आर्थिक धोरणाचा एक अख्खा धडा पडलेला आहे, आणि आपण त्याच्या बाजूने गाडी दामटत निघून जातो. आज तोच धडा उघडूया.

आधी तारखा बघा. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं कच्च्या तेलाचं बॅरल जानेवारी १९७४ पर्यंत अकरा डॉलरच्या पुढे गेलं. तेव्हा देशी तेल म्हणजे मुख्यतः आसाम आणि गुजरात. आणि नेमकं फेब्रुवारी १९७४ मध्ये, मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या रिगला तेल लागलं. हेच ते बॉम्बे हाय. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. १९८४-८५ पर्यंत देशाच्या गरजेचं साधारण ७० टक्के तेल देशातच निघू लागलं होतं. आज आपण ८५ टक्क्यांहून जास्त तेल आयात करतो, म्हणजे ते दिवस किती वेगळे होते याचा अंदाज येईल.

आता गंमत अशी की तेलाबरोबर वायूही वर येतो. तेल जहाजात भरून आणता येतं, आणि सुरुवातीला तसंच आणलं. वायूचं तसं नाही. पाइप नसेल, किंवा पाइपच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक नसेल, तर तो तिथेच जाळून टाकावा लागतो. १९७८ मध्ये समुद्राखालून पाइपलाइन उरणला पोचली, पण वायू वापरणारे कारखाने उभे राहायला आणखी बरीच वर्षं लागली. तोवर समुद्रात मशाली जळत राहिल्या. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड तयार, फ्रंटएंडचा पत्ता नाही!

पुढे उरणला या वायूतून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढू लागले. वीज मंडळाचं वायू विद्युत केंद्र १९८२ पासून उभं राहिलं. आणि अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा युरियाचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. यातलं रसायनशास्त्र मला फार आवडतं. वायूतल्या मिथेनची वाफेशी क्रिया करून हायड्रोजन काढायचा, हवेतला नायट्रोजन घेऊन अमोनिया करायचा, आणि वाटेत जो कार्बन डायऑक्साइड निघतो तोच अमोनियाशी जोडून युरिया करायचा. म्हणजे समुद्राच्या तळातला वायू विदर्भातल्या कपाशीला खत म्हणून जातो. इंजिनिअरिंग म्हणून याला तोड नाही.

घोळ झाला तो भावात. १९७७ मध्ये मराठे समितीच्या शिफारशीवरून खतासाठी एक पद्धत आली. शेतकऱ्याला कमी भावात खत द्यायचं, कारखान्याला त्याचा खर्च अधिक १२ टक्के परतावा द्यायचा, आणि मधला फरक सरकारने भरायचा. टंचाईच्या त्या काळात हे योग्यच होतं, कारण त्याशिवाय कोणी कारखाना काढला नसता. पण तात्पुरती म्हणून बांधलेली गोष्ट आपल्याकडे कायमची होते. पद्धतीचे नियम बदलत गेले, तरी युरियाचा भाव सरकारच ठरवत राहिलं. ४५ किलोची गोणी आजही २४२ रुपयांना (कडुनिंबाचा लेप आणि कर वेगळे). युरिया इतका स्वस्त, म्हणून शेतात तोच जास्त पडतो आणि बाकीची खतं मागे राहतात.

तेलाचंही तसंच. घरचं तेल होतं तोवर भावाचा कडू निर्णय पुढे ढकलता आला. १९८९-९० मध्ये देशाचं उत्पादन सुमारे ३.४ कोटी टन होतं, ते १९९२-९३ मध्ये सुमारे २.७ कोटी टनांवर आलं. मधेच ऑगस्ट १९९० मध्ये इराक कुवेतमध्ये घुसला. १९९१ चं संकट फक्त तेलामुळे आलं असं मी म्हणणार नाही, वित्तीय तूट आणि परदेशी कर्ज होतंच. पण भरपूर तेलाची ती दहा वर्षं आपण तयारीसाठी वापरली नाहीत, एवढं नक्की.

आणि किनाऱ्याला काय मिळालं? राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ प्रमाणे समुद्राखालची संपत्ती केंद्राची. आसाम, गुजरातला जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी मिळते, बॉम्बे हायची मात्र सगळी दिल्लीला जाते. कायद्याने ते बरोबर असेल. पण पाइप जिथे जमिनीवर येतो तिथे धोका असतो, जमीन जाते, मासेमारीची जागा आक्रसते. ३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या तेल-वायू प्रकल्पात आग लागली तेव्हा जीव गेले ते उरणला, दिल्लीला नाही. थळला ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या नोकरीचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला. वायूसाठीची रांगही दिल्लीतच लागते. स्वस्त देशी वायूवर आता पहिला हक्क सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसचा. थळचा कारखाना २०१५ पासून आयात वायू मिसळून ठरवलेल्या सरासरी भावात चालतो, आणि उरणच्या केंद्राला पूर्ण क्षमतेइतका वायू मिळत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. २०१५ मध्ये खाणींच्या जिल्ह्यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानं काढली, म्हणजे खनिजाच्या उत्पन्नातला वाटा तिथल्याच लोकांवर खर्च व्हावा हे तत्त्व सरकारने मान्य केलेलं आहे. मग तेच तत्त्व पाइप जिथे किनाऱ्याला लागतो त्या तालुक्यांना का नको? फार नको, रॉयल्टीतला अगदी छोटा हिस्सा, पण कायद्याने ठरवलेला, कोणा मंत्र्याच्या मर्जीवरचा नव्हे. आणि शेतकऱ्याला मदत करायचीच असेल तर ती थेट त्याच्या खात्यात द्या, युरियाच्या गोणीत लपवू नका.

मुंबई हायचं रोजचं उत्पादन एकेकाळी ४ लाख बॅरलच्या वर होतं, ते २०२४ मध्ये सुमारे १ लाख ३४ हजारांवर आलं होतं. ते वाढवायला ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश कंपनी बीपीची तांत्रिक मदत घ्यायचं ठरवलं. तेल वाढलं तर आनंदच आहे. पण समजा वाढलंच, तर या वेळी त्या पैशाचं काय करायचं, हे तेल वर यायच्या आधी ठरवायला हवं. मागच्या खेपेला आपण ते नंतरवर टाकलं होतं.