एक विरळ पोलिश कुलनाम : कोश्चुश्को

आडनाव हे केवळ हाक मारण्याचे साधन नव्हे. त्यात कधी गाव लपलेले असते, कधी वतन, कधी धंदा, तर कधी विस्मृतीत गेलेला एखादा पूर्वज. आपल्या स्मरणिकेत आडनावे, कुलदैवते आणि मूळ गावे यांविषयीचे लेख ज्ञातिबांधव आवडीने वाचतात. अशा लेखांतून पुष्कळदा असा समज दृढ होतो की, आडनाव एक म्हणजे रक्त एक, आणि आडनाव मोठे म्हणजे कुळ मोठे. हा समज कितपत खरा, याचा विचार आपल्याच आडनावांवरून करू गेल्यास मन निर्लेप राहत नाही. म्हणून यंदा आम्ही मुद्दाम दूरचे, पोलंडमधील एक विरळ कुलनाम चर्चेस घेतले आहे.

पोलिश आडनावे महाराष्ट्राच्या मातीस अगदीच परकी आहेत असे नाही. सन १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या कुटुंबांपैकी कित्येक जण इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांतील सुमारे पाच हजार लोक, बहुतांशी स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरनजीक वळिवडे येथील वसाहतीत राहिले. आम्ही ज्या कुलनामाविषयी लिहिणार आहोत, त्याचे मूळही त्याच पूर्व सीमाप्रदेशात आहे.

पोलिश आडनावांची ठेवण प्रथम पाहू. त्या देशात सर्वांत अधिक आढळणारे आडनाव ‘नोवाक’ होय. त्याचा अर्थ नवा आलेला, गावात नव्याने वसलेला. हे आडनाव लावणारे आज दोन लाखांच्या घरात आहेत. त्याच्या खालोखाल ‘कोवाल्स्की’ येते. ‘कोवाल’ म्हणजे लोहार. नवा माणूस गावोगाव आला आणि लोहारही गावोगाव होता. त्यामुळे ही आडनावे शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे उत्पन्न झाली. दोन नोवाक एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे नाही. दोन कुलकर्णी किंवा दोन पाटील यांचे जसे, तसेच ते. ‘स्की’ हा प्रत्यय तर आपल्या ‘कर’ प्रत्ययाचा दूरचा सोबतीच म्हणावा. आरंभी तो विशेषेकरून गावाच्या किंवा जमिनीच्या नावास लागे. पुढे तो प्रतिष्ठेचे चिन्ह समजला जाऊ लागला आणि ज्यांच्याजवळ गाव ना जमीन अशांनीही तो धारण केला. स्त्रीच्या आडनावात त्याचे ‘स्का’ असे रूप होते.

‘कोश्चुश्को’ हे कुलनाम यांपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाही. ते ना गावावरून आले, ना धंद्यावरून. पोलिश भाषेत अस्थीस ‘कोश्च’ असा शब्द आहे. त्यामुळे या नावाचा हाडाशी संबंध जोडण्याचा मोह कोणासही व्हावा. परंतु केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती रचणे किती धोक्याचे असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. या नावाचे मूळ आहे ‘कोन्स्तान्ती’ हे व्यक्तिनाम. आपल्याकडे विठ्ठलाचा विठू आणि गोविंदाचा गोंदू होतो, त्याप्रमाणे त्या प्रदेशातील रुथेनी भाषेत कोन्स्तान्तीचे घरगुती, लाडके रूप ‘कोस्त्युश्को’ असे होई. पोलिश उच्चारात ते मृदू होऊन ‘कोश्चुश्को’ बनले. एका घरातील मुलास आईबापांनी लाडाने मारलेली हाक पुढे अनेक पिढ्यांचे कुलनाम ठरली.

तो मुलगा कोण होता हेही इतिहासास ठाऊक आहे. कोस्त्युश्को फेदोरोविच हे त्याचे नाव. ‘फेदोरोविच’ म्हणजे फेदोरचा पुत्र. आपण स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतो तसेच. तो झिग्मुंत पहिला या राजाच्या पदरी होता. १५०९ साली राजाने त्यास शेख्नोविचे हे गाव बहाल केले. हे स्थान सध्याच्या बेलारूस देशातील ब्रेस्त प्रांतात येते. त्याच्या वंशजांनी पूर्वजाचे नाव आणि गावाचे नाव अशी दोन्ही एकत्र करून ‘कोश्चुश्को-शेख्नोवित्स्की’ असे बिरुद धारण केले. मूळचे हे रुथेनी घराणे कालांतराने भाषेने व चालीरीतींनी पोलिश झाले.

येथे पोलिश सरदारवर्गाच्या एका विशेष प्रथेचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. त्यांच्यात आडनावाहून ‘हेर्ब’, म्हणजे कुलचिन्ह, अधिक महत्त्वाचे मानले जाई. एकाच कुलचिन्हाखाली भिन्न आडनावांची अनेक घराणी असत. ती सर्व एका रक्ताची होती म्हणावे तर तसे नाही. १४१३ साली होरोद्वो येथे पोलंड व लिथुएनिया यांचा करार झाला, तेव्हा ४७ पोलिश कुलांनी लिथुएनियन सरदार घराण्यांना आपापल्या कुलचिन्हांत सामावून घेतले. म्हणजे ज्या गोष्टीस लोक पुढे रक्ताची खूण समजले, ती कित्येक घराण्यांच्या बाबतीत सभेत बसून ठरविलेली बाब होती. यात कमीपणा मुळीच नाही. एकमेकांस आपले म्हणणे हीही कुळ घडण्याची एक रीत आहे. मात्र ठरविलेल्या गोष्टीस जन्मजात म्हणू लागलो, की इतिहास संपून दंतकथा सुरू होते.

पुढे १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांनी पोलंड रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांत वाटला गेला आणि १९१८ पर्यंत नकाशावरून नाहीसा झाला. रशियन अमलाखाली सरदार घराण्यांना आपले सरदारपण कागदपत्रांनिशी सिद्ध करावे लागे. ज्यांच्यापाशी कागद होते ते तरले. ज्यांच्यापाशी नव्हते त्यांतील कित्येक सामान्य रयतेत लोटले गेले. वंशावळ ही तेव्हा हौसेची वस्तू राहिली नव्हती. हक्क आणि प्रतिष्ठा तिच्यावर अवलंबून होती.

या मध्यम स्थितीतील घराण्यात ४ फेब्रुवारी १७४६ रोजी तादेउश कोश्चुश्को यांचा जन्म झाला. आना, यूझेफ व काताझिना या भावंडांच्या पाठीवरचे हे सर्वांत धाकटे अपत्य. १७७६ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि तेथील स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी स्थापत्यविशारद म्हणून कीर्ती मिळविली. साराटोगाच्या लढाईतील मोर्चेबांधणी आणि वेस्ट पॉइंटची तटबंदी ही त्यांची कामे होत. १७८४ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी शेख्नोविचे येथील आपल्या कुळांपैकी पुरुषांची वेठ आठवड्यातून दोन दिवसांवर आणली आणि स्त्रियांची अजिबात माफ केली. २४ मार्च १७९४ रोजी क्राकूव्हच्या चौकात शपथ घेऊन त्यांनी स्वातंत्र्याच्या उठावाचे नेतृत्व स्वीकारले. ४ एप्रिल रोजी रात्सवावित्से येथे विळे-कोयते घेतलेल्या शेतकऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी रशियन सैन्यावर विजय मिळविला, आणि ७ मे रोजी पोवानिएत्स येथील जाहीरनाम्याने शेतकऱ्यांस व्यक्तिस्वातंत्र्य घोषित केले. १० ऑक्टोबर रोजी माचेयोवित्से येथे ते घायाळ होऊन शत्रूच्या हाती सापडले व उठाव मोडला.

आमच्या विषयाच्या दृष्टीने रात्सवावित्सेच्या रणांगणावरील एक घटना विशेष अर्थपूर्ण आहे. वोइचेख बार्तोश नावाच्या एका वेठबिगार शेतकऱ्याने आपल्या टोपीने शत्रूच्या तोफेची पेटती वात विझविली आणि तोफ हस्तगत केली. कोश्चुश्को यांनी त्यास ध्वजाधिकाऱ्याचा हुद्दा दिला. त्याची वेठीतून मुक्तता झाली, आणि ‘ग्वोवात्स्की’ असे आडनाव त्यास लाभले. तो बार्तोश ग्वोवात्स्की आज पोलंडच्या मुलामुलांस ठाऊक आहे. एका घराण्यास आडनाव मिळाले ते आईबापांच्या लाडातून. आणि त्याच घराण्याच्या वंशजाने दुसऱ्यास मिळवून दिलेले आडनाव पराक्रमातून आले. ‘स्की’ हा सरदारी थाटाचा प्रत्यय त्या दिवशी नांगरधाऱ्याच्या नावास लागला. आडनावाची थोरवी नेमकी कोठून येते, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

तादेउश कोश्चुश्को यांनी विवाह केला नाही. १५ ऑक्टोबर १८१७ रोजी स्वित्झर्लंडमधील झोलोथुर्न येथे त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी, मृत्यूपूर्वी काही महिने, त्यांनी शेख्नोविचेच्या कुळांस मुक्त करण्याचे लिहून ठेविले होते; परंतु झारच्या सत्तेने ते मान्य केले नाही. तत्पूर्वी १७९८ साली त्यांनी अमेरिकेतील आपली मालमत्ता काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी व शिक्षणासाठी खर्च व्हावी असे मृत्युपत्र करून टॉमस जेफरसन यांस व्यवस्थापक नेमले होते. जेफरसन यांनी पुढे ती जबाबदारी नाकारली. नंतरच्या मृत्युपत्रांमुळे वाद माजला आणि तो वर्षानुवर्षे चालला. अखेर १८५२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती संपत्ती युरोपातील नातलगांची ठरविली. एका उदार पुरुषाची उदात्त इच्छा अशा रीतीने विफल झाली, ही खेदाचीच गोष्ट होय.

परंतु हे नातलग कोण होते, तेही पाहण्याजोगे आहे. ते होते त्यांच्या बहिणींच्या बाजूचे लोक. थोरली बहीण आना ही एस्त्को घराण्यात दिलेली होती. ज्या माणसाचे नाव दोन खंडांत गाजले, त्याचा वारसा सांगणाऱ्यांचे आडनाव त्याचे नव्हतेच. आपण रचतो तशी केवळ पुरुषांची वंशावळ न्यायालयापुढे ठेवली असती, तर तिच्यात या वारसांस स्थान मिळाले नसते. तादेउश यांच्या घरगुती आयुष्याविषयी आज जे कळते, त्यातील बराच भाग त्यांनी आना हिला लिहिलेल्या पत्रांतून कळतो, हेही ध्यानी घ्यावे.

हे लिहीत असता आम्हांस आमच्याच घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या कुळाची हस्तलिखित वंशावळ वडिलांनी जपून ठेविली होती. तीत नऊ पिढ्यांतील पुरुषांची नावे क्रमवार आहेत. परंतु आमच्या पणजीचे माहेर कोणते हे तीत नाही, आणि सांगू शकणारे माणूस आता हयात नाही. जिने घर सांभाळले, मुले वाढविली, तिच्याविषयी आम्ही ‘अमक्याची पत्नी’ एवढेच लिहू शकतो. ही उणीव आमची आहे, आणि ती भरून निघण्यासारखी नाही.

कोश्चुश्को हे आडनाव आज पोलंडमध्ये विरळ आढळते. लगतच्या बेलारूस व लिथुएनिया या देशांत त्याची स्थानिक रूपे दिसतात. त्याच्या विरळपणाचे कारण उघड आहे. ‘नोवाक’ गावोगाव उत्पन्न होऊ शकला. हे नाव मात्र एका विशिष्ट माणसाच्या हाकेच्या नावावरून आले, आणि त्याचा विस्तार पुत्रसंततीच्या मर्यादेतच राहिला. तथापि आज हे आडनाव लावणारा प्रत्येक जण शेख्नोविचेच्याच घराण्यातील असेल असेही समजू नये. कोन्स्तान्ती नावाची मुले इतर घरांतही होती आणि त्यांच्या आयाही त्यांना लाडानेच हाक मारीत असतील.

घरे थोडी; परंतु नकाशावर मात्र हे नाव फार पसरले. १८४० मध्ये स्त्शेलेत्स्की या पोलिश संशोधकाने ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील सर्वोच्च शिखरास हे नाव दिले. त्या शिखराची उंची २२२८ मीटर आहे. त्याचा आकार पाहून त्यास क्राकूव्ह येथे १८२० ते १८२३ या काळात लोकांनी माती वाहून उभारलेल्या कोश्चुश्को टेकडीची आठवण झाली. त्या शिखराच्या नावातील एक गळालेले अक्षर १९९७ मध्ये अधिकृतपणे पुनः घालण्यात आले. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील एक नगर, इंडियाना राज्यातील एक जिल्हा आणि न्यूयॉर्क शहरातील एक पूल यांस हेच नाव आहे. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात लढलेले ३०३ क्रमांकाचे पोलिश विमानदळ कोश्चुश्कोंच्या नावाचे होते, आणि १९४३ मध्ये सोव्हिएत भूमीवर उभारलेल्या पोलिश पायदळ तुकडीसही त्यांचेच नाव देण्यात आले. परस्परांशी न पटणारे पक्षही या नावाखाली एकत्र येत, कारण ते नाव तोवर कोणा एका घराण्याचे राहिले नव्हते.

या इतिहासावरून आमच्या ज्ञातिबंधुभगिनींस तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. आपल्या आडनावाचा अर्थ लावताना केवळ ध्वनिसाम्यावर विसंबू नये. जुनी सनद, खरेदीखत, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या यांचा आधार शोधावा, आणि तो न मिळाल्यास जागा कोरी ठेवावी. कोरी जागा पुढील पिढीस शोधास लावते. खोटी नोंद तिला आयुष्यभर फसविते. दुसरे, वंशावळीत लेकी व सुना यांची नावे, त्यांची माहेरे व सासरे यांसह अवश्य लिहावीत. घरातील वृद्ध माता आज सांगू शकतात तोवरच ते विचारून घ्यावे. उद्या विचारू म्हटले की काय होते, हे आम्ही वर लिहिलेच आहे.

तिसरी विनंती तरुणांस आहे. आडनाव पूर्वजांकडून फुकट मिळते. त्याची किंमत आपण ठरवावयाची असते. शेख्नोविचेच्या त्या दरबारी गृहस्थाचे नाव जगाने लक्षात ठेविले ते त्यास राजाकडून गाव मिळाले म्हणून नव्हे. त्याच्या वंशजाने त्याच गावातील कुळांची वेठ उतरविली म्हणून.