दुनळी रायफल

दुनळी रायफल ही शेजारी-शेजारी किंवा एकावर एक जोडलेल्या, आतून सर्पिल खाचा असलेल्या दोन नळ्यांची शिकारी बंदूक होय. पहिला बार चुकला तरी दुसरा तत्काळ काढता येत असल्याने हत्ती, वाघ अशा धोकादायक जनावरांच्या शिकारीत ती वापरली जाई. दोन्ही गोळ्या एकाच ठिकाणी लागाव्यात म्हणून नळ्यांची जुळणी विशिष्ट काडतुसासाठीच केलेली असते. रिग्बी यांचे १८९८ चे धूरविरहित दारूचे .४५० नायट्रो एक्सप्रेस काडतूस आकाराने काळ्या दारूच्या जुन्या काडतुसासारखेच, पण कितीतरी अधिक दाबाचे होते. जुन्या रायफलीत ते वापरल्यास नळी फुटण्याचा धोका असतो. त्यामुळे अभ्यासकांना जॉन टेलर यांच्या 'आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस' (१९४८) सारखे, काडतुसांचा तपशील देणारे संदर्भग्रंथ आवश्यक ठरतात.