हाणामारीच्या कुळातला 'डिफेन्स'

गेटवे ऑफ इंडियाहून सुटणाऱ्या लाँचच्या कडेला जुने टायर लोंबत असतात. लाँच धक्क्याला लागताना पहिला दणका हे टायर खातात आणि लाँचचं अंग शाबूत राहतं. जहाजांच्या दुनियेत अशा लोंबत्या रखवालदाराला 'फेंडर' म्हणतात. मग तो टायर असो, दोरखंडाचा गुंडाळा असो की रबरी नळकांडं. कोर्टातला 'डिफेंडंट' म्हणजे प्रतिवादी, शेताभोवतीचं तारेचं 'फेन्सिंग', ऑलिंपिकमधली तलवारबाजी आणि खडकवासल्याच्या नॅशनल डिफेन्स अकॅडमीतला 'डिफेन्स' ही सगळी याच फेंडरची भावकी.

मूळपुरुष लॅटिनमधला. 'डेफेंदेरे' या क्रियापदात 'डे' म्हणजे दूर आणि 'फेंदेरे' म्हणजे मारणं. चालून आलेल्याला मारून परतवायचं, हा त्याचा पहिला अर्थ. लॅटिनमध्ये 'फेंदेरे' एकटं वापरत नाहीत, उपसर्ग लागतोच. दुसरा उपसर्ग लावला की समोरच्यावर जाऊन आदळणं होतं, आणि त्यातून 'ऑफेन्स' निघतो. चढाई आणि बचाव हे विरुद्धार्थी शब्द एकाच धातूचे आहेत.

हा धातू मराठी माणसाला परका नाही. भाषाशास्त्रज्ञांनी आदि-भारोपीय भाषेत त्याचं जे मूळ मांडलं आहे, त्याच मुळातून संस्कृतचा 'हन्' येतो. शत्रुघ्न आणि कृतघ्न यांतला 'घ्न' त्याचाच, 'घात'ही त्याचाच, आणि आपलं रोजचं 'हाणणं'सुद्धा. लॅटिनच्या 'फ'समोर संस्कृतात 'घ' किंवा 'ह' कसा, ही शंका रास्त आहे. पण असा ध्वनिबदल नियमानं झालेला आहे. इंग्रजीतली लॅटिन वंशाची 'फर्नेस' म्हणजे भट्टी आणि संस्कृत 'घर्म', म्हणजेच आपला 'घाम', ही जोडीही अशीच, उष्णतेच्या एका मुळातून आलेली.

इराणी शाखेत या धातूनं वेगळंच वळण घेतलं. मारणारं ते 'जहर'! फारसीतून मराठीत आलेला हा शब्दही अभ्यासक याच कुळात धरतात. विषापासून राखणारं ते फारसीत 'पादजहर'. रानबकऱ्यांच्या पोटात घडणाऱ्या खड्यांना हे नाव मिळालं आणि युरोपात जाऊन त्याचं 'बेझोअर' झालं. या खड्यांना युरोपात एवढी मागणी होती की सतराव्या शतकात गोव्यातले जेझुइट पाद्री ते हातानं बनवू लागले. गास्पार आंतोनियो या त्यांच्यातल्या ब्रदरचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. बेझोअरची पूड, कस्तुरी, अंबर, शिंपले, रत्नांचा चुरा असं मिश्रण गोल वळायचं आणि वरून सोन्याचा वर्ख द्यायचा. हा 'गोवा स्टोन' सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवत. गरज पडली की थोडा खरवडून पेयात घालून घेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये असा एक गोळा डबीसह आहे. विषावर त्याचा उपयोग शून्य, पण कारागिरी देखणी.

इंग्रजीत 'डिफेंड' शिरला तो तेराव्या शतकात, फ्रेंचमधून, आणि सोबत मनाईचा अर्थ घेऊन आला. फ्रान्समध्ये आजही धूम्रपानबंदीच्या पाटीवर 'देफान्स' असतं. इंग्रजीतही तो अर्थ काही शतकं टिकला. 1667 च्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये मिल्टननं निषिद्ध फळाला 'डिफेंडेड' हेच विशेषण लावलं आहे. पुढे मनाईचं काम 'फॉरबिड'नं घेतलं आणि 'डिफेंड'कडे फक्त राखण उरली.

बोलता बोलता 'डिफेन्स'चं पहिलं अक्षर गळालं आणि 'फेन्स' झालं. आधी त्याचा अर्थ नुसताच बचाव होता, कुंपण नंतर आलं. सोळाव्या शतकात लंडनमध्ये तलवार शिकवणारे उस्ताद स्वतःला 'मास्टर्स ऑफ डिफेन्स' म्हणवत, म्हणून त्यांची विद्या 'फेन्सिंग' ठरली. टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरलेली भवानी देवी ही या खेळातली पहिली भारतीय ऑलिंपियन. चोरांच्या बोलीतही हा शब्द गेला: चोरीचा माल घेणारा, लपवणारा तो 'फेन्स'.

कायद्यात मात्र जुना अर्थ अजून जिवंत आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 96 ते 106 'प्रायव्हेट डिफेन्स'ची होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती 34 ते 44 झाली. जीव वाचवण्यासाठी माणूस हल्लेखोराला किती मारू शकतो, कोणत्या प्रसंगी ठारही करू शकतो, याचा हिशेब त्यांत आहे. लॅटिन धातूचा अर्थ इतका उघड दुसरीकडे क्वचितच दिसतो.

सरकारांनी मात्र तो झाकला. ब्रिटनचं 'वॉर ऑफिस' 1964 मध्ये 'मिनिस्ट्री ऑफ डिफेन्स'मध्ये विलीन झालं. अमेरिकेनं 1789 पासूनचं 'वॉर' खातं 1947 मध्ये मोडलं आणि 1949 मध्ये 'डिपार्टमेंट ऑफ डिफेन्स' हे नाव स्वीकारलं. सप्टेंबर 2025 मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून 'डिपार्टमेंट ऑफ वॉर' हे दुय्यम नाव म्हणून परत आणलं.