तासाची मजुरी आणि शेअरची मालकी

अमेरिकेतील युनायटेड पार्सल सर्व्हिस (यु.पी.एस.) ही घरोघर पार्सले पोचविणारी जगातील एक बलाढ्य कंपनी. तिची तपकिरी गाडी आणि तपकिरी गणवेश सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या गणवेशाच्या आतला माणूस मात्र परिचयाचा नाही. आपल्याकडील चळवळीने त्याचा इतिहास वाचला पाहिजे. कारण मजूर मालकाशी कसा लढला एवढाच त्याचा विषय नाही. वरच्या पायरीवरचा मजूर खालच्या पायरीवरच्या मजुराशी कसा वागला, हाही त्याचा विषय आहे.

जेम्स केसी या एकोणीस वर्षांच्या मुलाने 1907 साली सिएटल शहरात ही कंपनी सुरू केली. तो स्वतः निरोप्या होता. 1916 पासून कंपनीतील कामगार 'टीमस्टर्स' या गाडीवानांच्या संघटनेत आले. केसीने संघटनेशी वैर केले नाही, पण 1927 साली त्याने एक दूरगामी गोष्ट केली. कंपनीचे शेअर्स व्यवस्थापकांना देण्यास सुरुवात केली. पुढे अनेक दशके कंपनीचे शेअर्स मुख्यतः व्यवस्थापक, निवृत्त अधिकारी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्याच हाती राहिले. 1999 पर्यंत ते खुल्या बाजारात आलेच नाहीत.

या व्यवस्थेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. येथील व्यवस्थापक बहुधा मजुरांतूनच वर आलेला असे. काल ज्याने पार्सले उचलली तो आज सुपरवायझर होई. पण वर येताच त्याच्या हातात शेअर पडे आणि त्याचे हित बदले. मजुराला मिळते ती तासाची मजुरी, आणि त्या तासात जितकी जास्त पार्सले निघतील तितकी व्यवस्थापकाच्या शेअरची किंमत वाढते. मग कालचा सोबतीच आज हातात घड्याळ घेऊन उभा राहतो. गाडीत चढताना कोणते पाऊल आधी टाकावे, किल्ली कोणत्या बोटात अडकवावी, येथपर्यंत कामाचे नियम ठरविले गेले. पुढे घड्याळाची जागा गाडीत बसविलेल्या यंत्रांनी घेतली. गाडी किती वेळ थांबली, दार केव्हा उघडले, हे सारे कचेरीत दिसू लागले. सुपरवायझरने मजुराचे काम करू नये, असे कलम संघटनेला करारात घालून घ्यावे लागले. ज्या कलमाने मजुराच्या तासांचे रक्षण केले, त्याच कलमाने दोघांमधील भिंतही उघड केली.

पण दुसरी भिंत मजुरांमध्येच होती. गाडी चालविणारे ड्रायव्हर पूर्ण वेळचे, तर गोदामात माल चढविणारे आणि निवडणारे बहुतेक अर्धवेळचे. 1982 च्या करारात अर्धवेळ मजुराची सुरुवातीची मजुरी ताशी 8 डॉलरवर आणून ठेवण्यात आली. पंधरा वर्षे ती तेथेच राहिली. या करारावर कंपनीची सही होती तशी संघटनेचीही होती. जुन्यांचे पगार राखण्यासाठी नव्यांची मजुरी सोडून देण्यात आली.

येथे आपल्याला 1928 चा मुंबईच्या गिरण्यांचा संप आठवल्याशिवाय राहत नाही. अस्पृश्य कामगारांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. तो मिळालाच पाहिजे, ही मागणी बाबासाहेबांनी त्या वेळी संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवली. 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, त्यामागेही हाच अनुभव होता. अर्धवेळ मजूर म्हणजे अस्पृश्य नव्हे. तो जन्माने तेथे बांधलेला नाही, सेवाज्येष्ठतेने तो ड्रायव्हर होऊ शकतो. हा फरक पुसणे म्हणजे जातीचे विष पातळ करून सांगणे होय. परंतु पायऱ्यांची रीत दोन्हीकडे सारखीच काम करते. प्रत्येकाला आपल्या खाली कोणी तरी आहे याचे समाधान मिळते, आणि त्या समाधानावर वरचा निर्धास्त राज्य करतो.

ही रीत 1997 साली काही काळ मोडली. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष होते रॉन कॅरी. ते स्वतः यु.पी.एस.चे ड्रायव्हर होते, त्यांचे वडीलही ड्रायव्हरच. 4 ऑगस्टला सुमारे 1,85,000 कामगार संपावर गेले. मुख्य मागणी होती अर्धवेळच्या कामांतून पूर्ण वेळची कामे निर्माण करण्याची, म्हणजे खालच्या पायरीवरच्या माणसाची. तिच्यासाठी चांगल्या पगाराचे ड्रायव्हर आठवड्याला 55 डॉलरच्या संप-भत्त्यावर रस्त्यावर उभे राहिले. व्यवस्थापकांनी स्वतः गाड्या चालवून पाहिल्या, पण त्यांना नेहमीच्या मालाचा अगदी थोडा हिस्साच हलविता आला. पंधरा दिवसांत कंपनी नमली. पाच वर्षांत 10,000 नव्या पूर्ण वेळच्या जागा कबूल झाल्या. पूर्ण वेळच्या मजुराला ताशी 3 डॉलर 10 सेंटची वाढ मिळाली, तर अर्धवेळच्या मजुराला 4 डॉलर 10 सेंटची. खालच्याला वरच्याहून अधिक, ही त्या कराराची खरी क्रांती.

विजय मात्र कायमचा नसतो. निवडणूक निधीच्या गैरव्यवहारावरून कॅरी यांना संघटनेतून काढण्यात आले. 2001 साली न्यायालयाने त्यांना खोट्या साक्षीच्या आरोपातून मुक्त केले, पण संघटनेतील त्यांचे स्थान गेले ते गेलेच. 2018 च्या करारात कमी मजुरीच्या ड्रायव्हरांचा नवा वर्ग निर्माण झाला. मतदान करणाऱ्यांपैकी 54 टक्क्यांनी तो करार फेटाळला, तरी मतदान कमी झाल्याचे नियम दाखवून नेतृत्वाने तो लादला. सभासदांनी आधी तो नियम आणि मग ते नेतृत्व बदलले. 2023 च्या करारात ड्रायव्हरांचा तो खालचा वर्ग रद्द झाला, आणि अर्धवेळच्या मजुराला ताशी किमान 21 डॉलर कबूल झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची पगारी सुटीही प्रथमच मिळाली. किंग 1968 साली मेम्फिसमध्ये मारले गेले, ते तेथील सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेले असताना. चौदा एप्रिलच्या सुटीचे मोल जाणणाऱ्यांना या सुटीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

त्यानंतर 2025 साली कंपनीने 20,000 जागा कमी करण्याची घोषणा केली. भांडवलाजवळ मजुराला नमविण्याचा एक उपाय नेहमीच शिल्लक असतो: मजुराची गरजच उरली नाही असे जाहीर करणे.

आज पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर पाठीला पिशवी बांधून धावणाऱ्या तरुणाला तर तासाची मजुरीही नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्याची व्याख्याच नेहमीच्या मालक-नोकर संबंधाबाहेरचा कामगार अशी केली आहे. त्याच्यासमोर घड्याळ घेऊन उभा राहणारा सुपरवायझरही नाही. मोबाईलमधील हिशेबच त्याचा मुकादम आहे, आणि मुकादमाशी निदान भांडता येत होते. या तरुणांची संघटना उभी करू पाहणाऱ्यांनी यु.पी.एस.च्या इतिहासातून एकच गोष्ट उचलली तरी पुरे. 1982 साली संघटनेने खालच्याला सोडले आणि ती दुबळी झाली. 1997 साली तिने त्याला पुढे केले आणि ती जिंकली. ज्या लढ्यात शेवटच्या पायरीवरचा माणूस मागणीपत्राच्या शेवटच्या ओळीत असतो, तो लढा मालकाने आधीच अर्धा जिंकलेला असतो.